नांदेड की लातूर? आधी तिला विचारा

"नांदेडला घ्यावं की लातूरला?" हा प्रश्न आपल्या भागातल्या किती घरांत रोज चघळला जातो, याची मोजदादच नाही. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, चाकूर, उदगीर अशा कुठल्याही गावी जा. पोरगं दहावीला गेलं, नोकरीतली बदली आली किंवा शेतीच्या पैशातून चार पैसे बाजूला पडले, की घरात हा विषय निघतो. अहमदपूर तर दोन्ही शहरांच्या जवळजवळ मध्यावर. तिथल्या माणसानं घरातून बाहेर पडून डावीकडं वळायचं की उजवीकडं, एवढाच प्रश्न!

बैठकीत हिशोब सुरू होतात. प्लॉटचा भाव कुठं किती, रिंगरोड कुठून जाणार, कुठल्या पाहुण्यानं कधी घेतलं आणि आज त्याचे किती झाले. मग आपापल्या शहराचा अभिमान मध्ये येतो. ही ईर्षा जुनीच आहे. महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावरून २००९ मध्ये केवढा वाद पेटला होता, ते अनेकींना आठवत असेल. तसाच वाद छोट्या प्रमाणात घराघरांत होतो. आणि हे सगळं चाललेलं असताना घरातली बाई काय करत असते? चहा टाकत असते. फार तर आतून एखादं वाक्य बोलते. त्यावर उत्तर मिळतं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर त्यातलं सगळ्यात जास्त तिलाच कळतं. घर घेणारा माणूस सकाळी बाहेर पडतो आणि रात्री येतो. त्या घरात, त्या गल्लीत, त्या नळावर चोवीस तास राहायचं असतं ते तिला. म्हणून शहर निवडताना प्लॉटच्या भावाआधी तिचा दिवस तिथं कसा जाईल, ते बघायला हवं.

सुरुवात पाण्यापासून करू. कारण पाणी नसलं की झळ आधी बाईलाच लागते. लातूर शहराला पाणी येतं ते मांजरा धरणाचं, बीड जिल्ह्यातल्या धनेगावहून. २०१६ मध्ये हे धरण कोरडं पडलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून त्या मार्चमध्ये जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, पाच लाख लिटर घेऊन. पुढे ती पंचवीस लाख लिटरची झाली आणि पावसाळा लागेपर्यंत येत राहिली. देशभरात त्याची बातमी झाली. पण त्या चार महिन्यांत घागरी घेऊन रात्र-रात्र जागलेल्या बायका आणि त्यासाठी शाळा बुडवलेल्या पोरी यांचा हिशोब कुणी ठेवला?

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. त्या मानानं नांदेडकरणीला पाण्याची चिंता कमी. पण गोदावरी देते तशी घेतेही. जोराचा पाऊस झाला, विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. २०२५ च्या पावसाळ्यातही ते दिसलं. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यालाही अतिवृष्टीनं झोडपलं. म्हणजे एका शहरात फक्त दुष्काळ आणि दुसऱ्यात फक्त पूर असं सरळ गणितही राहिलेलं नाही. तेव्हा "नांदेडला पाणी आहे" किंवा "लातूरला पाणी नाही" एवढ्यावर भागत नाही. ज्या गल्लीत घर बघताय, तिथल्या चार बायकांना विचारा : मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो? बोअरला पाणी कुठवर टिकतं? टँकरला किती पैसे जातात? आणि ऑगस्टमध्ये दारात पाणी येतं का? एजंट सांगणार नाही ते त्या सांगतील.

दुसरी गोष्ट लेकरांच्या शिक्षणाची. इथं लातूरचं पारडं जड, हे कुणीही कबूल करील. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी घडवलेला 'लातूर पॅटर्न' आता महाराष्ट्रभर माहीत आहे. मेडिकलच्या तयारीसाठी कुठून कुठून मुलं तिथं येतात. मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनही लातूरला आहे. पण नांदेडही मागं नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून नांदेडला आहे, आणि लातूरची महाविद्यालयंही त्यालाच जोडलेली आहेत. विष्णुपुरीचं श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासूनचं. शिकवण्यांचे वर्ग तर आता नांदेडातही गल्लोगल्ली झालेत.

याच शिक्षणापायी आपल्याकडं एक नवा संसार उभा राहिलाय. मालक गावाकडं, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत. आणि बाई लातूरला किंवा नांदेडला एका खोलीत, अकरावी-बारावीच्या लेकराला डबा करून द्यायला. दोन वर्षं, कधी 'रिपीट' केलं तर तीन. दिवसभर लेकरू क्लासला. ओळखीचं कुणी नाही. खोलीचं भाडं, क्लासची फी, मेसपेक्षा घरचं बरं म्हणून ही धडपड. लेकराचे मार्क कमी आले की तिचा जीव टांगणीला. गावाकडं सासूबाई आजारी पडल्या तरी तिचाच जीव वर-खाली. या बायकांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. 'लातूर पॅटर्न'च्या यशात त्यांचाही वाटा आहे, हे एकदा मोठ्यानं म्हणायला हवं.

पण म्हणूनच एक सावधगिरीची गोष्ट. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी वीस वर्षांचं घर घेऊ नये. मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की पुण्याला, मुंबईला, आणखी कुठं तरी जाणार. मग त्या शहरात मागं कोण राहणार? आई-बाप. त्यांना त्या वयात क्लासची गल्ली जवळ असून काय उपयोग? त्यांना दवाखाना जवळ लागेल, बाजार जवळ लागेल, बोलायला माणूस लागेल. शेत विकून घर घेण्याआधी वर्ष-दोन वर्षं भाड्यानं राहून बघावं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या शहरात काढला, की निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

दवाखान्याचं बघितलं तर दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडची 'डॉक्टर लेन' प्रसिद्ध. शेजारच्या तेलंगणाच्या सीमेवरचे पेशंटही तिथं येतात. लातूरला विवेकानंद रुग्णालयासारखी जुनी, विश्वासाची संस्था आहे. पण मोठी पाटी बघून निर्धास्त होऊ नये. २०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. त्या बातमीनं अख्खा महाराष्ट्र हादरला. घरात बाळंतपण व्हायचं असेल, म्हातारं माणूस असेल, तर रात्री दोन वाजता कुठं जायचं आणि कशानं जायचं, हा प्रश्न घर घेण्याआधी विचारायचा असतो, नंतर नाही.

येण्या-जाण्याचं म्हणाल तर नांदेड रेल्वेचं मोठं ठिकाण. विभागीय कार्यालय तिथंच. मुंबई, हैदराबाद, थेट अमृतसरपर्यंत गाडी. लातूरहून मुंबईला रात्रीची गाडी आहे, आणि पुणे, सोलापूर, तुळजापूर रस्त्यानं जवळ. पण नांदेड आणि लातूर यांच्यामध्ये मात्र अजून सरळ रेल्वेमार्ग नाही. गाडी परभणी-परळीवरून वळसा घेते. म्हणून दोन्हींमधला खरा दुवा म्हणजे लोहा-अहमदपूरवरून जाणारा रस्ता आणि आपली लाल परी. इथं बाईनं एक साधा प्रश्न विचारावा : माझं माहेर कुठल्या बाजूला? हसू नका. आईला बरं नाही म्हटल्यावर एका एसटीनं पोचता येतं की तीन गाड्या बदलाव्या लागतात, याच्यावर बाईचं अर्धं सुख अवलंबून असतं. पण घर घेताना नवऱ्याच्या नोकरीचं अंतर मोजतात, मुलांच्या क्लासचं मोजतात, तिच्या माहेराचं अंतर कुणी मोजत नाही.

आता माणसांचं. नांदेड मोठं. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचं शहर, लातूर त्यावेळी चार लाखांच्या आसपास. नांदेडात मराठीबरोबर दखनी, तेलुगू, पंजाबी कानावर पडते. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळं देशभरातली माणसं येतात. लातूर त्यापेक्षा आटोपशीर. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, आणि बाजार करायला गेलेल्या बाईला तिथं दोन तरी ओळखीच्या भेटतातच. कुणाला मोठ्या शहरातला मोकळेपणा आवडतो, कुणाला ओळखीचा आधार. दोन्हींत चूक काही नाही. पण आपल्याला काय आवडतं, हे आपल्याला कुणी विचारलंय का?

न विचारता घर दिलं की काय होतं, याचा धडा आपल्याच भागात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसं गेली. मग गावंच्या गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटची घरं. हेतू चांगला होता, घरं भक्कमही होती. पण कित्येक ठिकाणी शेजार तुटला. जनावरं कुठं बांधायची, धान्य कुठं वाळवायचं, दुपारी कुणाच्या ओट्यावर बसायचं, हे आराखड्यात नव्हतं. कारण आराखडा करताना ज्यांना हे माहीत होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे घरदुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग'सारख्या संस्थेमार्फत गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून घेतलं. बायका बांधकाम समजून घेऊ लागल्या, इंजिनीअरला प्रश्न विचारू लागल्या. त्यांना काय कळतंय म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथं उत्तर दिलं.

राहिला नावाचा प्रश्न. शहर कुठलंही निवडा, पण कागदावर नाव कुणाचं? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्यानं देशभर मिळाला. तो हक्क भावाला सोडून देणाऱ्या बहिणी अजूनही आहेत, आणि नवऱ्यानं घेतलेल्या घरावर नाव मागायला संकोच करणाऱ्या बायकाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली. तीस लाखांच्या घराला ही सवलत तीस हजारांची होते. पैसा वाचतो म्हणून तरी नाव लागेल! खरेदीआधी दुय्यम निबंधक कार्यालयात आपल्या व्यवहाराला ही सवलत लागू होते का, ते विचारून घ्या. आणि प्लॉट एन.ए. आहे का, लेआउट मंजूर आहे का, हे कागद स्वतः बघा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. सही करणाऱ्या बाईला कागदात काय आहे हे माहीत असायलाच हवं.

तर मग नांदेड की लातूर? आमच्याकडून उत्तराची अपेक्षा असेल तर ते असं. बाई स्वतः नोकरी-धंदा करणार असेल तर तिच्या कामाच्या जागेपासून मोजायला लागा. लेकराच्या दोन वर्षांसाठी जायचं असेल तर लातूरला खुशाल जा, पण भाड्यानं. कायमचं राहायचं असेल तर शहरापेक्षा गल्ली महत्त्वाची : पाणी, दवाखाना, एसटी, शेजार आणि माहेर, या पाच गोष्टी बघा. त्यांत जी गल्ली बसेल ती नांदेडची असो की लातूरची, आपली.

आणि पुढच्या वेळी बैठकीत हा विषय निघाला, की चहा ठेवून आत जाऊ नका. कप हातात घ्या आणि तिथंच बसा. घर चार भिंतींचं असतं हे खरं, पण त्या चार भिंतींत दिवस आपला जायचा असतो. मग कुठं जायचा, हे ठरवताना आपणही तिथं असायलाच हवं, नाही का?