यंत्र देऊ, पण हमी घेऊन!
सुरतेचे वैभव कापडात व हिऱ्यांत मोजले जाते; लिंबायत-उधन्यातील खानदेशी कामगाराच्या छातीतील कळ मात्र अनेकदा पित्तावर ढकलली जाते. असा रुग्ण दारात येताच १० मिनिटांत ईसीजी निघावा, असे वैद्यकशास्त्र बजावते. या तंत्राच्या शोधाबद्दल आइंटहोव्हेन यांना १९२४ साली नोबेल मिळाले; शंभर वर्षांनंतर सबब कसली? गणेशोत्सवासाठी वर्गणी जमविणाऱ्या मंडळांनी सार्वजनिक रुग्णालयास यंत्रे अवश्य द्यावीत. पण दान म्हणजे सरकारला वा महापालिकेला दिलेले माफीपत्र नव्हे! यंत्र चालविणारा तंत्रज्ञ, आलेख वाचणारा डॉक्टर आणि देखभालीचा खर्च यांची लेखी हमी आधी घ्या. अन्यथा घामाच्या पैशावर धूळच साचेल, हे आम्ही निक्षून सांगतो.