नीतीचा तास आणि गोटमारीचा दगड

नीतिशिक्षणाचा विषय निघाला की आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांतून एकच सूर ऐकू येतो : तरुण पिढी बहकली, शाळांतून संस्कार गेले, तेव्हा नीती हा विषय सक्तीचा करा, म्हणजे राष्ट्र आपोआप उभे राहील. जामसांवलीस पिंपळातळी पहुडलेल्या मारुतिरायाच्या दर्शनाला येणारा सौंसर-पांढुर्ण्याकडील सज्जन भाविकही हेच म्हणतो. या मागणीमागील कळकळ खरी आहे. परंतु ती मागणी अपुरी आहे आणि करणाऱ्यांना फार सोयीची आहे.

राज्यघटना आड येते, ही तक्रार प्रथम बाजूला ठेवू. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेशाला अनुच्छेद २८ मनाई करतो. नीतीच्या शिकवणुकीला नव्हे. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा भेद स्पष्ट केला आणि नैतिक मूल्यांचा व सर्व धर्मांचा परिचय विद्यार्थ्यांना करून देण्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. शिफारशींचीही वाण नाही. श्रीप्रकाश समिती १९५९ साली नेमली गेली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात वेळापत्रकात नीतिशिक्षणाला स्थान देण्यास सांगितले. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये पुन्हा तेच मांडले. तास मिळू शकतो, पुस्तक मिळू शकते. मग उणे आहे ते काय?

उणे आहे ते वडीलधाऱ्यांचे आचरण. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि त्या झेंड्यासाठी दोन्ही तीरांवरून माणसे एकमेकांवर दगड भिरकावतात. हीच ती गोटमार. दरसाल शेकडो डोकी फुटतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. विदर्भाच्या पद्धतीप्रमाणे हाच दिवस तान्ह्या पोळ्याचा. ज्या दिवशी बालकाने लाकडी बैल सजवून घरोघर मिरवायचा, त्याच दिवशी ते काठावर उभे राहून बापाच्या हातातला दगड पाहते.

सरकार मनाईहुकूम काढते आणि त्याच काठावर डॉक्टर व रुग्णवाहिकाही उभ्या ठेवते. हा देखावा पाहणाऱ्या मुलाला कोणते पुस्तक सांगेल की कायदा पाळण्यासाठी असतो? कायदा वाचायचा असतो, पाळायचा नसतो, हा धडा ते तिथेच गिरवते. पुढे तेच मूल ठेकेदार होते, कारकून होते, मतदार होते. रस्ता खचतो, वजन कमी भरते, शब्द फिरतो, आणि मग आपण विचारतो, राष्ट्र का उभे राहत नाही!

‘ही परंपरा आहे, सारे आपखुशीने येतात,’ असे उत्तर मिळते. वकील या नात्याने सांगतो, हा बचाव टिकणारा नाही. पूर्वीच्या दंडसंहितेच्या कलम ८७ मध्ये आणि आज भारतीय न्यायसंहितेच्या कलम २५ मध्ये संमतीला मर्यादा घातली आहे : ज्या कृत्याने मृत्यू वा जबर दुखापत संभवते हे करणाऱ्याला ठाऊक आहे, त्याला हे कलम तारत नाही, आणि संमती देणारा अठरा वर्षांवरील असावा लागतो. भिरकावलेल्या दगडाला समोरच्याचे वय दिसत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. झगडा संपल्यावर तो झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. म्हणजे या प्रकाराची सांगता देवळात होते, शाळेत नव्हे. जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम जिथे थिटा पडतो, तिथे देवस्थानाचा शब्द चालतो. ‘झेंडा मिरवीत आणा, वाजतगाजत आणा, परंतु रक्त सांडून आणलेला झेंडा मातेच्या पायरीवर चढणार नाही,’ एवढे पुजारी व विश्वस्त मंडळींनी एकमुखाने म्हटले, तर त्या वर्षीचा नीतीचा तास पुरा झाला म्हणून समजावे.

हे अशक्य नाही. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरी उपोषण आरंभिले. ‘परंपरा’ हाच आक्षेप तेव्हाही होता. दहा दिवसांच्या आत बडव्यांनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य केले. परंपरा मोडली नाही, शुद्ध झाली. विठ्ठलाची वारी आजही चालूच आहे. गुरुजींनी त्यासाठी वेळापत्रकात एकही तास मागितला नव्हता.

शाळेत नीती अवश्य शिकवा. परंतु शिक्षकाने सकाळी फळ्यावर ‘अहिंसा’ लिहावे आणि पालकाने दुपारी नदीकाठी ते पुसावे, हा खेळ बंद झाल्याखेरीज त्या तासाला अर्थ नाही. देवस्थानांनी शाळांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या पायरीकडे पाहावे. पोळा दरवर्षी येतो; त्या दिवशी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे मुले पाहत असतात.