ग्राहकाला वाऱ्यावर सोडू नका!

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पावसाळ्यात पवनचक्क्यांची पाती अहोरात्र फिरताना दिसतात. पावसाळा सरला की तीच पाती तासन्‌तास स्तब्ध राहतात. यात नवल नाही. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनप्रमाणात वाढते वा घटते. वेग सेकंदाला 8 मीटरवरून 6 वर आला, की वीज निम्म्याहून खाली येते. विजेच्या जाळ्याला मात्र ही लहर परवडत नाही. जितकी मागणी तितकीच निर्मिती क्षणोक्षणी व्हावी लागते. तोल ढळला की 50 हर्ट्झची वारंवारताही ढळते.

हा तोल आजवर मुख्यतः निर्मितीच्या बाजूने सांभाळला गेला. वारा पडला की कोयनेचे पाणी सोडा, औष्णिक केंद्रांवरील भार वाढवा. परंतु कोयनेचे पाणी पश्चिमेस वळविण्यावर कृष्णा लवादाची मर्यादा आहे, आणि कोळशाची भट्टी काही चुलीसारखी फुंकर घालून पेटत नाही. म्हणून मागणीनेच वाऱ्याच्या कलाने थोडे मागेपुढे सरावे, हा विचार आता पुढे आला आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण अट घालून.

मागणी घटविण्याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. 2005 नंतरच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांनी दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. तेव्हाही मागणी घटलीच होती. मात्र ज्याची वीज गेली त्याला कोणी विचारले नव्हते, की त्यापायी छदामही दिला नव्हता. त्या सक्तीत आणि या नव्या व्यवस्थेत भेद आहे तो संमतीचा, आगाऊ सूचनेचा आणि मोबदल्याचा. यांतले एक जरी गळाले, तरी जुने भारनियमनच नवे नाव घेऊन दारी येईल.

केंद्र सरकारने 2023 मध्ये ग्राहक-हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांतील दर किमान 20 टक्क्यांनी कमी ठेवण्याचे ठरविले. ते ठीकच. पण सूर्य घड्याळ पाळतो, वारा पाळत नाही. आषाढातल्या ढगाळ रात्री पठारावर वीज मुबलक असेल, तेव्हा या छापील वेळापत्रकाचा काय उपयोग? वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशी बराचसा बांधता येतो. त्यावरून दुसऱ्या दिवशीचे स्वस्त तास आदल्या संध्याकाळीच जाहीर व्हावेत. पहिला मान पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या पंपांना द्यावा. उंचावरची टाकी रात्री दोनला भरली काय नि पहाटे पाचला भरली काय, सकाळच्या नळाला त्याचे सोयरसुतक नसते. शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने यांनाही काही काळ थांबता येते. यंत्रमागावरच्या कामगाराचे तसे नाही. स्वस्त विजेसाठी पाळी अपरात्री ढकलली, तर सवलत मालकाच्या खिशात आणि जागरण कामगाराच्या डोळ्यांत! आणि ज्या खोलीत एक पंखा नि दोन दिवे, तेथे मागेपुढे करण्याजोगे आहे तरी काय? अशा घरांना चढ्या दराचे तास लावणे हा उघड अन्याय होय. वीज नियामक आयोगाने त्यांना या तासांपासून कायम बाहेर ठेवावे, आणि पालिकेच्या पंपांचा प्रयोग येत्या पावसाळ्यापूर्वीच सुरू करवून घ्यावा.