पत्रे ठोकण्याची विद्या

वाचकहो, शिक्षकाच्या तोंडीं कांहीं वाक्यें अशीं बसलेलीं असतात, कीं तीं उच्चारतांना विचार करावा लागत नाहीं. माझ्या तोंडचें असें एक वाक्य होतें : "अभ्यास कर, नाहीं तर पुढें पत्रे ठोकीत बसशील!" छत्तीस वर्षांच्या नोकरींत हें वाक्य मीं किती मुलांना ऐकविलें असेल त्याची गणती नाहीं. वर्गांत तर ऐकविलेंच. पण सुटींत घरीं जमलेल्या मुलांच्या पंक्तींतही पाढे चुकणाऱ्याच्या पानांत तेंच वाढीत असें. गेल्या हिवाळ्यांत त्या वाक्यानें माझ्यावर सूड उगविला. तो कसा, तें ह्या महिन्यांत सांगावयाचें आहे.

माझा पुतण्या बरींच वर्षें सहकुटुंब अमेरिकेंत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागांत राहतो. त्याचा मुलगा, म्हणजे नात्यानें माझा नातू, तेथेंच इंजिनियर झाला व एका कचेरींत चांगल्या पगारावर लागला. दिवाळीच्या सुमारास पुतण्याचा फोन आला : "काका, दोन महिने इकडे येऊन राहा. मुलगा नोकरी सोडून जुन्या मोटारींचे पत्रे ठोकण्याचें दुकान काढणार म्हणतो. आमचें ऐकत नाहीं, तुमचें ऐकेल." घरांत खल झाला. वहिनी म्हणाल्या, "इतकें शिकून शेवटीं लोहारकीच करायची, तर शिकला कशाला?" धाकटे बंधु म्हणाले, "मुलीकडच्यांना काय सांगायचें?" सर्वांच्या वतीनें उपदेशाची शिदोरी बांधून मी निघालों.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं नातू मला घराशेजारच्या, मोटार ठेवण्याच्या खोलींत घेऊन गेला. तेथें मोटार म्हणावी अशी वस्तु नव्हतीच. एक लोखंडी सांगाडा, त्यावर उघडें इंजिन, आणि भिंतीला टेकून ठेवलेले गंजके पत्रे. "आबा, ही १९३१ सालची फोर्ड मॉडेल ए. १९५० च्या सुमारास कोणीतरी हिचा हॉट रॉड केला," तो म्हणाला. हॉट रॉड म्हणजे तापलेली सळई अशा समजुतीनें मी सळई शोधूं लागलों, तेव्हां तो हसला. आणि मग त्यानें मला जो इतिहास सांगितला तो थोडक्यांत असा.

हेन्री फोर्डच्या कारखान्यानें १९०८ पासून १९२७ पर्यंत 'मॉडेल टी' नांवाच्या दीड कोटी मोटारी काढिल्या. तिच्यामागून 'मॉडेल ए' आली. आणि १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन साधारण माणसाच्या आवांक्यांतल्या गाडींत त्याच कारखान्यानें बसविलें. जुन्या मोटारींचा असा सुकाळ झाल्यावर, खिशांत पैसा नसलेल्या पण डोक्यांत वेग भरलेल्या तरुणांनीं त्या स्वस्तांत घ्याव्या, मडगार्ड काढून टाकावे, बॉनेट काढावें, पुढची काच काढावी, जेवढें वजन कमी करतां येईल तेवढें करावें, आणि इंजिन मात्र दुरुस्त करून जोरकस करावें, अशी चाल तिकडे पडली. त्या प्रांतांतील मोहावी वाळवंटांत सुकलेल्या सरोवरांचे तळ आहेत. त्यांवर हीं वाहनें पळवीत. १९३७ सालीं 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संस्था निघाली, आणि वेग मोजण्याच्या कामाला शिस्त आली. मुरॉकचा तळ पुढें लष्कराकडे गेला. आज तेथें एडवर्ड्स हा विमानदळाचा तळ आहे. मग शर्यती एल मिराजच्या तळावर, आणि १९४९ पासून युटा राज्यांतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही होऊं लागल्या.

मध्यंतरीं महायुद्ध झालें. त्यांत अनेक तरुण विमानांच्या कारखान्यांत आणि लष्करांत पत्र्याचें काम शिकून आले. बिल बर्क ह्या गृहस्थानें १९४६ सालीं लढाऊ विमानाच्या जादा इंधनाची, माशाच्या आकाराची एक टाकी घेऊन तिच्यांत इंजिन बसविलें व तिचीच शर्यतीची गाडी केली. संहाराच्या साधनाचा असा उपयोग करणाराला मी तरी उपद्व्यापी म्हणणार नाहीं.

आमच्या नातवाची गाडी ह्याच कुळांतली. तिच्या शेपटाकडचा पत्रा कारखान्यांतला नव्हता; कोणी अज्ञात माणसानें तो हातानें ठोकून बसविला होता. जुना रंग काढल्यावर शिसें व कथील यांच्या मिश्रणाचा थर लागला. पूर्वीं पत्र्यांतले खळगे अशा मिश्रणानें भरीत. हें मिश्रण तापलें कीं एकदम पाणी होत नाहीं. मधल्या अवस्थेंत लोण्यासारखें मऊ राहतें, आणि तेवढ्या वेळांत लाकडी पट्टीनें तें सारवावयाचें. शिसें विषारी, म्हणून तोंडाला जाळी बांधून नातवानें तें अगदी बेतानें काढलें. खालीं उघड्या पत्र्यावर हातोडीच्या खुणा दिसूं लागल्या, आणि मी चष्मा पुसून पुढें झालों.

वाचकहो, माझें सारें आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलें. त्या खुणा पाहतांच मला ती वही दिसली! डाव्या कडेला ठोके विरळ, भ्यालेले, कोठें खोल तर कोठें उथळ. मध्यावर ओळी सरळ होऊं लागलेल्या. उजव्या कडेला मात्र ठोका ठोक्याला लागून, एकसारखा. तो माणूस काम शिकून आलेला नव्हता. तें काम करतां करतांच शिकला होता. पहिल्या पानाचा विद्यार्थी शेवटच्या पानावर उत्तीर्ण झाला होता, आणि वर रंग चढविल्यामुळें सत्तर वर्षें त्याचा निकाल कोणी पाहिला नव्हता.

त्या पत्र्याचा खालचा चार बोटें भाग पाणी साचून गंजानें खाल्लेला होता. अशा गाड्यांचीं नवीं घडविलेलीं पोलादी अंगेंही हल्लीं विकत मिळतात. मीं विचारलें, "मग सगळा पत्राच नवा कां आणीत नाहींस?" तो म्हणाला, "आबा, कुजलें तेवढेंच कापायचें. उरलेलें त्याचें आहे." व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा आला म्हणजे त्याला आदेश म्हणतात, आदेशाला मूळ स्थानीचेच अधिकार द्यावे असें पाणिनीनें सांगितलें आहे, मात्र जेथें कार्य मूळ वर्णावरच अवलंबून असेल तेथें नाहीं. कोठवर बदलावें आणि कोठें थांबावें हा विवेक नातवानें पाणिनि न वाचतां मिळविला होता. जीर्णोद्धार आणि पाडापाड यांतला भेद तो हाच.

आतां तें चार बोटांचें ठिगळ कसें झालें तें ऐका. सपाट पत्रा कागदासारखा एका बाजूला सहज वळतो; पण त्याची वाटी करूं गेलें तर कडेला चुण्या पडतात. म्हणून एक तर मधला भाग ताणावा लागतो, नाहीं तर कड आंखडावी लागते. ताणणें म्हणजे आपल्या घरांतल्या बायका भाकरी थापतात तो प्रकार : दाब पडेल तेथें पातळ होऊन पसरावयाचें. आंखडणें म्हणजे झबल्याच्या गळ्याला चुण्या घालाव्या, आणि मग त्या ठोकून ठोकून अंगांतच जिरवाव्या, असा प्रकार. नातवानें आधीं जुन्या पत्र्यावर कागद दाबून आकार घेतला. मग सुमारें एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून वाळू भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवला, व लाकडी मोगरीनें ठोकला. पत्रा अक्रोडाच्या टरफलासारखा खडबडीत झाला. मला वाटलें, बिघडला! परंतु नंतर त्यानें तो एका यंत्रांत धरला. त्यास 'इंग्लिश व्हील' म्हणतात. वर एक मोठें सपाट चाक, खालीं एक लहान, किंचित् फुगीर चाक. दोहोंच्या मधून पत्रा पुढें-मागें सरकवीत राहावयाचें. विजेचा संबंध नाहीं. सर्व काम हाताचें. तासाभरानें अक्रोडाची गुळगुळीत सुपारी झाली.

नंतर जोड. ज्योतीनें झाळलेला सांधा निवतांना आंखडतो आणि शेजारचा पत्रा ओढून वांकडा करतो. म्हणून आंतून 'डॉली' नांवाचा लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडीनें तो पुन्हां ताणावा लागतो. ठोका ठोकळ्यावर बरोबर पडला तर खणखणीत वाजतो, चुकला तर बद्द. वरून कानस फिरविली म्हणजे उंचवटे चकाकतात आणि खळगे काळेच राहतात. शेवटची परीक्षा मात्र तळहाताची. डोळा फसतो, सपाट ठेवलेला तळहात फसत नाहीं.

बॉनेट ॲल्युमिनियमचें होतें. ठोकून ठोकून धातु ताठर होतो, मग त्याला तापवून मऊ करावें लागतें. पण ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वीं लाल होत नाहीं, समजावें कसें? युक्ति अशी कीं, आधीं धुरकट ज्योतीनें त्यावर काजळी धरावयाची, मग स्वच्छ ज्योतीनें तापवावयाचें. काजळी उडाली कीं थांबावयाचें. हें पाहतांना मला पुण्याची तांबट आळी आठवली. शिकत असतां त्या आळींतून माझी रोजची वाट होती. तेथेंही तांब्याचें भांडें ठोकीत, ताठरलें कीं भट्टींत घालीत, आणि पुन्हां ठोकीत. त्या मठारकामाच्या ठोक्यांना मी रूपावली घोकण्यांतील विघ्न समजत असें. विद्येच्या शेजारून चार वर्षें गेलों, आणि कानांत बोटें घालून गेलों!

दोन महिने संपत आले. निघण्याच्या आदल्या दिवशीं नातू म्हणाला, "आबा, बाबांनीं तुम्हांला कशासाठीं बोलाविलें तें मला ठाऊक आहे. आतां सांगा." शिदोरी सोडून पाहिली, तों आंत कांहीं उरलें नव्हतें. परंतु रिकाम्या कौतुकानें संसार चालत नाहीं हेंही मी जाणतों. मीं त्याची कामाची वही मागितली. त्या ठिगळाला एकेचाळीस तास लागल्याची नोंद होती. मीं म्हटलें, "ह्या एकेचाळीस तासांचे पैसे कोणी परका माणूस देईल काय? आधीं नोकरींत राहून एका गिऱ्हाइकाचें काम पुरें कर, पुरे पैसे घे, तास लिहून ठेव. वर्षाअखेर ती वही बापाला दाखव. मग जें ठरेल तें मला मान्य." तो गप्प राहिला, नंतर म्हणाला, "वही दाखवीन, आबा. पण बाबा दोन वर्षांत एकदांही ह्या खोलींत आले नाहींत."

तें ऐकून मला उपदेश कोणाला करावयाचा तें उमगलें. रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्याला हाताला धरून मीं तेथें नेलें. सूनबाईही मागून आल्या. "डोळे मीट," मीं म्हटलें, "आणि जुनें कोठें संपतें व नवें कोठें लागतें तें हातानें सांग." त्यानें दोनदां, तीनदां तळहात फिरविला. त्याला सांगतां आलें नाहीं. डोळे उघडून तो इतकेंच म्हणाला, "ह्याला पंखा तरी नीट बसवून घे. फार धूर होतो." बापाच्या तोंडून सम्मति पुष्कळदां अशाच वेषांत बाहेर पडते. नोकरीचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. वर्ष संपावयाचें आहे.

परत आल्यावर एक काम राहिलें होतें. आमच्या गांवांत मोटारींच्या पत्र्याचें काम करणारा एक गृहस्थ आहे. आठवींतून शाळा सुटलेला माझाच विद्यार्थी. माझें तें वाक्य त्याला मीं सर्व वर्गासमोर ऐकविलें होतें, आणि तें तंतोतंत खरें झालें होतें. मी त्याच्या शेडमध्यें गेलों. त्यानें लगबगीनें स्टूल पुसून पुढें केलें. "गुरुजी, गाडी आणली काय?" मीं म्हटलें, "गाडी नाहीं. काम पाहायला आलों आहें." चेपलेला एक दरवाजा तो आंतून ठोकून वर आणीत होता. बराच वेळ मी बसलों. मग मीं म्हटलें, "तुला वर्गांत मीं एक वाक्य बोललों होतों. तें मी परत घेतों." हातोडी थांबली. "कोणतें, गुरुजी?" त्यानें विचारलें.

त्याला खरोखरच आठवत नव्हतें, कीं माझी लाज राखण्यासाठीं तो तसें म्हणाला, तें मला अद्याप कळलेलें नाहीं. त्यानें माझा हात धरून दरवाजावर ठेवला आणि म्हणाला, "बघा बरें, कुठें चेपलेलें लागतंय का?" मीं तळहात सगळीकडे फिरविला. कोठेंही लागलें नाहीं.