पुनरुज्जीवन की पुनरुक्ती?

जुन्या लोकप्रिय चित्रपटमालिकेचे पुनरुज्जीवन म्हटले की जाणत्या रसिकाच्या मनात प्रथम शंकाच उभी राहते, आणि ती अनाठायी नसते. १९७६ मध्ये 'रॉकी'ने आरंभिलेल्या मालिकेत २००६ पर्यंत सहा चित्रपट निघाले. पहिल्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर लाभले. पुढे मात्र फिलाडेल्फियाच्या गल्लीतील तो साधा मुष्टियोद्धा शीतयुद्धाचा प्रचारपुरुष होऊन बसला. अशा मालिकेतून २०१५ मध्ये रायन कूगलर या तरुण दिग्दर्शकाचा 'क्रीड' निर्माण व्हावा, ही घटना म्हणूनच विचारार्ह ठरते.

मूळ चित्रपटात कृष्णवर्णीय जगज्जेता अपोलो क्रीड याचे वैभव व वाचाळपणा गोऱ्या नायकाच्या साधेपणास उठाव देण्यापुरता होता. कूगलरने कथेचे केंद्रच हलविले. अपोलोचा विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला पुत्र अडोनिस हा येथे नायक आहे. त्याच्या जन्मापूर्वीच पिता रिंगणात मरण पावला. बालसुधारगृहातून त्याला घरी आणते ती अपोलोची विधवा पत्नी. पित्याचे आडनाव लावावे तर कीर्ती उसनी, न लावावे तर स्वतःचा जन्मच नाकारल्यासारखे, या पेचातून चित्रपटाचे नाट्य फुलते. कर्णाचे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पेच परका वाटणार नाही. कथेचे केंद्र बदलले की परिचित कथाही नवे प्रश्न विचारू लागते, याचा अनुभव मराठी वाचकाने शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) घेतलेला आहे.

अखेर ठरावीकच आहे, असा आक्षेप घेता येईल. लिव्हरपूलच्या मैदानावरील अंतिम लढतीत अडोनिस पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने हरतो. पहिल्या चित्रपटात रॉकीही तसाच हरला होता. परंतु घटना तीच असली तरी तिचा अर्थ तो राहिलेला नाही. रॉकीला आपण कुचकामी नाही हे दाखवायचे होते. अडोनिसला आपला जन्म ही कोणाची चूक नव्हती, हे सिद्ध करावयाचे असते. पहिल्याचे दुःख दारिद्र्याचे, दुसऱ्याचे वारशाचे.

२०१८ च्या पुढील भागात जुन्या रशियन प्रतिस्पर्ध्याचा मुलगा रिंगणात उतरविला गेला, तेव्हा मालिका पुन्हा सवयीच्या वाटेकडे वळलेली दिसली. तरीही 'क्रीड'चे श्रेय उणावत नाही. चित्रपटाच्या शेवटी, ज्या पायऱ्या रॉकी एके काळी धावत चढला, त्याच पायऱ्या तो रोगजर्जर होऊन अडोनिसच्या आधाराने चढतो. परंपरेने ज्याच्या बापाला दुय्यम स्थान दिले, त्याच्याच खांद्यावर आता तिचा भार आहे. एवढे दाखवू शकणारे पुनरुज्जीवन केवळ पुनरुक्ती म्हणून बाजूला सारता येणार नाही.