मोटारीचा गोंगाट आणि त्याचें निदान

ताडाच्या झाडावर कावळा बसावयास आणि ताडफळ गळून पडावयास एकच गांठ पडली, म्हणून फळ कावळ्यानेंच पाडलें असें मानणाऱ्या मनुष्यास जागें करण्याकरितां संस्कृत पंडितांनीं काकतालीय न्याय सांगून ठेविला आहे. या न्यायाचा उल्लेख वर्गांत क्वचित् होतो. मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत मात्र त्याची फारच जरुरी असून तेथें तो कोणास आठवत नाहीं, असें आमचें मत आहे.

गाडीचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचा एखादा भाग गंजून फुटतो. मूळ कंपनीचा भाग महाग पडतो, म्हणून मालक बाजारांतून दुसऱ्या कोणी बनविलेला सायलेन्सर आणून बसवून घेतो. दुसऱ्या दिवशीं गाडी सुरू करतांच पूर्वीं नव्हता असा आवाज ऐकूं येतो आणि निकाल तेथल्या तेथेंच लागतो: "बाहेरचा माल, तो असाच निघावयाचा!" मालक दुकानदारावर रागावतो, दुकानदार मिस्त्रीकडे बोट दाखवितो, आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, भाग नवा आहे, चार दिवसांत आवाज बसेल." या तिघांपैकीं एकानेंही गाडीखालीं वांकून पाहिलेलें नसतें. नव्या भागानंतर आवाज आला हें खरें. परंतु नव्या भागामुळेंच आला, हें अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे. आणि तो भाग निर्दोष आहे, हेंही तितकेंच सिद्ध व्हावयाचें आहे.

आधीं हा आवाज होतो कसा, तें पाहूं. चार सिलिंडरांच्या साध्या पेट्रोल एंजिनाच्या दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. मिनिटास २४०० फेरे होत असतील, तर सेकंदास ४० फेरे व ८० स्फोट झाले. दर स्फोटाचा तप्त वायु नळींत दाबाचा एकेक धक्का देत बाहेर पडतो. सायलेन्सरच्या पोटांत कप्पे व छिद्रें पाडलेल्या नळ्या असतात. त्यांत या लाटा आपटून परत फिरतात व एकमेकींस बऱ्याच अंशीं मारून टाकतात. कांहीं सायलेन्सरांत कांचेच्या तंतूंचें भरण असतें, तें उरलेला आवाज शोषून घेतें. पण ही सर्व योजना वायु शेवटच्या तोंडापर्यंत नळींतूनच गेला तर उपयोगी. वाटेंत सुईच्या नेढ्याएवढी फट पडली कीं लाट तेथूनच बाहेर उडी घेते, आणि मागें कितीही उत्तम सायलेन्सर असला तरी तो बिचारा काय करणार?

म्हणूनच आम्ही म्हणतों कीं संशय प्रथम सांध्यांवर धरावा. दोन नळ्या जेथें जोडल्या जातात तेथें दाबली जाणारी एक चकती असते. आपले मिस्त्री तिला पॅकिंग म्हणतात. ती एकदां दाबली गेली कीं आपला आकार सोडते, व पुन्हां बसविली तर नीट बसत नाहीं. पन्नास-शंभर रुपये वांचविण्याकरितां जुनीच पॅकिंग नव्या सायलेन्सरला लावण्याची चाल फार आहे. दुसरें असें कीं, गंजलेले बोल्ट सोडवितांना हातोडा चालतो. त्या धक्क्यानें पुढच्या नळीचें जुनें वेल्डिंग तडकतें. म्हणजे दोष नव्या भागाचा नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्याचा. आणि शेजाऱ्यास तो लागला नवा भाग बसवितांना! अशा वेळीं सायलेन्सर बदलून दुसरा आणणें म्हणजे पैसे दोनदां देऊन गोंगाट कायम ठेवणें होय. ज्या घरांत महिन्याचा हिशेब काटकसरीनें जुळवावा लागतो, तेथें ही कांहीं हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नाहीं.

आवाज स्वतःच बरेंच सांगतो, ऐकणारा मात्र पाहिजे. सकाळीं थंड एंजिन सुरू करतांच टिक्-टिक् असा ठोका ऐकूं यावा, आणि गाडी तापल्यावर तो कमी व्हावा किंवा नाहींसा व्हावा, तर एंजिनाजवळच्या बिडाच्या नळीस तडा असण्याचा, अथवा तिची पॅकिंग गेली असण्याचा संभव मोठा. कारण उष्णतेनें धातु प्रसरण पावून फट मिटते. पदार्थविज्ञानाच्या तासाला कडी आणि गोळा तापवून जो प्रयोग आमचे विद्यार्थी करितात, तोच हा! गाडीस जोर देतांच फस्-फस् वाढत असेल तर सांधा गळतो. पत्र्याचा खडखडाट होत असेल तर उष्णता अडविण्याकरितां लावलेल्या पत्र्याचा स्क्रू ढिला असेल. गाडींत बसल्यावरच मोठा वाटणारा, पायांखालीं घुमणारा आवाज बहुधा नळी रबरी टांगणीवरून सरकून गाडीच्या सांगाड्यास टेंकल्यामुळें होतो. आणि ठराविक एका वेगावरच घूं-घूं व्हावी, त्याच्या खालीं-वर शांतता असावी, तर मात्र नव्या भागाचा दोष मान्य करावा. त्याच्या पोटांतील कप्पे त्या गाडीच्या मापाचे नाहींत, म्हणून तेवढ्याच कंपसंख्येस तो साद देतो. अशा वेळीं दुकानदाराकडे जाण्याचा मालकास पूर्ण हक्क आहे.

फट शोधण्याची रीत जुनी व सोपी आहे. चांगला मिस्त्री मोकळ्या जागेंत, थंड गाडी सुरू करवून, जाड ओलें फडकें नळीच्या मागील तोंडावर क्षणभर दाबून धरवितो. आंतला दाब वाढला कीं फटीचा फूत्कार ऐकूं येतो. सांध्याभोंवतीं काजळीचा काळा पट्टा दिसला तर आणखी पुरावा नको. कोणी रबरी नळीचें एक टोंक कानास लावून दुसरें सांध्यासांध्याजवळ फिरवितात. १८१६ सालीं लाएनेक नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून स्टेथस्कोपची कल्पना काढली, तिच्याच जातीची ही युक्ति आहे. आणि जो मिस्त्री ती वापरतो त्याला केवळ पाना फिरविणारा म्हणून हिणविणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. आमच्या मुलांनीं अशा माणसाजवळ एक दिवस उभें राहून पाहावें. पालकांनीं मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं मुलांस जाऊं देऊं नये, स्वतःही जाऊं नये.

"आवाज बसेल" या उत्तरावर आमचा मुख्य आक्षेप आहे. नव्या सायलेन्सरवरचें तेल जळून पहिल्या दिवशीं थोडा वास व धूर येतो, तो जातो. पण गळती आपोआप बरी होत नाहीं, ती वाढते. आणि गळतीबरोबर केवळ आवाज बाहेर पडत नसतो. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतो. पुढच्या भागांतील गळती गाडीच्या तळाच्या छिद्रांतून आंत आली, कांचा बंद असल्या, मागें मुलें झोंपलीं असलीं, तर डोकें दुखणें व मळमळ हीच काय ती सूचना मिळते; आणि ती आपण "गाडी लागली" म्हणून सोडून देतों! तेव्हां गोंगाट हा येथें शत्रु नसून वेळेवर हांक मारणारा पहारेकरी आहे. फटीवर नुसता लेप थापून त्याचें तोंड बंद करणारा मनुष्य आपल्याच घराचें नुकसान करितो. शिवाय, ज्या पेट्रोल गाड्यांत प्राणवायु मोजणारें यंत्र नळींत बसविलेलें असतें, त्यांत त्याच्या अलीकडे फट असली तर बाहेरची हवा आंत ओढली जाते, यंत्राची फसगत होते व एंजिनास विनाकारण जास्त पेट्रोल मिळूं लागतें.

एक लहानशी गोष्ट जातां जातां सांगावीशी वाटते. पुष्कळ सायलेन्सरांच्या खालच्या बाजूस एक बारीक भोंक असतें. पेट्रोल जळतांना पाणीही तयार होतें. तें सांचून पत्रा गंजूं नये म्हणून तें भोंक मुद्दाम ठेवलेलें असतें. उत्साही माणसें "येथूनच गळतें" म्हणून तें वेल्डिंगनें बुजवितात आणि वर्षादोनवर्षांत सायलेन्सर कुजला म्हणून पुन्हां बनविणारास बोल लावितात.

आतां मोठ्या वर्गांतील कांहीं मित्रांस दोन शब्द. ज्यांच्या थोरल्या भावांनीं फटफटीच्या सायलेन्सरांतील जाळी काढून टाकली आहे, किंवा फटाके फोडणारा सायलेन्सर हौसेनें विकत घेतला आहे, त्यांना हें निदान लागू नाहीं. त्यांचा रोग नळींत नाहीं. मोटारीस आवाज कमी करणारें साधन असलेंच पाहिजे, असें केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० वा नियम सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें शांतता क्षेत्राकरितां दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळा व रुग्णालयें यांच्या सभोंवतींची निदान १०० मीटरची जागा असें क्षेत्र म्हणून जाहीर करतां येते. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दसपट होते, हें ज्यांनीं गणितांत लॉगरिथम शिकले आहेत त्यांना तरी समजावें. परीक्षेच्या दिवसांत फाटकाबाहेर अशी एक फटफटी थांबली कीं आंतल्या वर्गांतील लेखण्या थांबतात. महाराष्ट्रांतील शहरांतून पोलिसांनीं असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडल्याच्या बातम्या वाचून आम्हांस मुळींच वाईट वाटलें नाहीं.

पालकांस इतकेंच सुचवावयाचें आहे कीं, भाग बदलून घेतांना नवी पॅकिंग व नवे बोल्ट लावावयास सांगावें, बिल मागून घ्यावें, आणि काढलेला जुना भाग घरीं आणावा. तो कोठें कुजला, सांध्यावर, पोटांत कीं बुडाशीं, हें पाहिलें म्हणजे नव्या भागाकडून काय अपेक्षा करावी याचा अंदाज येतो. आणि आवाज पुन्हां आलाच, तर मिस्त्रीशीं बोलावयास हातांत कांहीं तरी असतें.