प्रयोगशाळेच्या दाराशी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत प्रथम आलेल्या कमला भागवत यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रवेश नाकारला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सी. व्ही. रामन आणि कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत पालटले. इतर मुलींनाही दार उघडले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

वडील रसायनशास्त्रज्ञ असलेल्या मुलीची ही कथा. मग जिच्या घरात पहिली पदवी तीच घेणार आहे, त्या आपल्या वसतिगृहातील मुलीने किती अटी ओलांडावयाच्या?

आज कोणी लेखी अट घालीत नाही. परंतु पीएच.डी. पूर्ण होण्याच्या सुमारास विवाह व बाळंतपण येते, कराराची नेमणूक संपते, आणि पुन्हा उभे राहीपर्यंत वयोमर्यादा उलटून जाते. मातृत्वाचा भार एकट्या स्त्रीवर टाकू नये, शासनानेही तो उचलावा, ही भूमिका बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांसाठी मांडली होती. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराचे बंधन २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने घातले. त्या भूमिकेचा लाभ संशोधक स्त्रीलाही पूर्णपणे मिळाला पाहिजे. वयाची अट शिथिल व्हावी. प्रत्येक पदावर स्त्रिया किती आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या किती, हे संस्थांनी दरवर्षी जाहीर करावे. एकूण आकड्याच्या आड आपल्या लेकी दिसेनाशा होतात.

पालकांनाही एक विनंती. घाटकोपर-मुलुंडहून पवईची आयआयटी फार दूर नाही. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्रही नाही. "एम.एस्सी. झाली, आता पुरे" हे वाक्य आपल्याच घरात उच्चारले जाते, तेव्हा ते अंतर वाढते. स्त्रीलाही अर्हत्पद प्राप्त होऊ शकते, हे तथागतांनी आनंदाला सांगितले होते. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी मुलीच्या पात्रतेविषयी शंका घेऊ नये. तिला आणखी पाच वर्षे शिकू द्यावे.